जुन्या मोटरहोमची हवा रात्रीत उतरते: एअर लीकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं मोठ्या डिझेल मोटरहोमसाठी (आत राहायची सोय असलेल्या बसएवढ्या गाड्यांसाठी) आहे, ज्यांना एअर ब्रेक आणि एअर सस्पेन्शन दोन्ही असतात. फक्त मागच्या स्प्रिंगला मदत म्हणून एअर बॅग लावलेल्या छोट्या गाड्यांना यातलं थोडंच लागू पडेल. प्रश्न क्रमाने वाचले तर जास्त उपयोग होईल, पण प्रत्येक उत्तर एकेकटंही वाचता येईल असं ठेवलंय.

१. गाडीत ही हवा नक्की कुठे कुठे जाते?

इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा तयार करतो, ती एअर ड्रायरमधून जाते, तिथून पहिल्या टाकीत म्हणजे वेट टँकमध्ये, आणि तिथून चेक व्हॉल्व्हमधून पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या दोन वेगळ्या टाक्यांमध्ये. त्यानंतर फाटे फुटतात: ब्रेक, पार्किंग ब्रेक, सस्पेन्शनचे बेलो (त्यांनाच एअर बॅग म्हणतात), हॉर्न, ड्रायव्हरची एअर सीट, काही गाड्यांत पायरीचं झाकण, सरकते दरवाजे, एंट्री डोअरचं सील. कॉम्प्रेसर कधी भरायचं आणि कधी थांबायचं हे गव्हर्नर ठरवतो, साधारण १०० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास भरायला सुरुवात आणि १२० ते १३० ला बंद.

चेक व्हॉल्व्ह हवा एकाच दिशेने जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं निम्मं काम सोपं होतं, कारण डॅशबोर्डवर ब्रेकच्या दोन टाक्यांचे जे दोन गेज असतात त्यातला कुठला काटा पडतोय आणि कुठला जागेवर आहे यावरूनच लीक कुठल्या भागात आहे ते कळतं.

२. थोडी हवा जाणारच ना? किती गेली तर काळजी करायची?

हो, थोडी जातेच. जुन्या गाडीत पन्नास-शंभर जोड असतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किंचित पाझरतो. अमेरिकेत कमर्शियल लायसन्सच्या ब्रेक तपासणीत एकट्या गाडीसाठी माप आहे ते असं: इंजिन बंद, ब्रेक सोडलेले, तर एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त पडता कामा नये, आणि ब्रेक पॅडल दाबून धरलं तर मिनिटाला ३. ही सुरक्षेची वरची हद्द आहे, चांगल्या तब्येतीची खूण नाही. मिनिटाला २ म्हणजे तासाभरात टाकी रिकामी होईल की!

माझं स्वतःचं माप वेगळं आहे. संध्याकाळी १२० वर उभी केलेली गाडी सकाळी ९० च्या वर असेल तर मी शांत असतो, दोन दिवसांनी सुद्धा ६० च्या वर असेल तर फारच छान. रात्रीत शून्य होत असेल तर शोधायला लागा.

३. थंडीत सकाळी प्रेशर कमी दिसतं, पण गाडी तर लीक करत नाही. असं का?

तापमान. हवा थंड झाली की आकसते. ३० अंश सेल्सिअसला १२० पीएसआय असलेली टाकी ५ अंशाला आली तर एक थेंब हवा न जाता सुद्धा काटा १०९ च्या आसपास दिसतो. त्यामुळे रात्री-सकाळची तुलना करताना तापमान लिहून ठेवा, नाहीतर नसलेला लीक शोधत बसाल. आणि नुकतीच चालवून आणलेली गाडी लगेच मोजू नका, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या.

४. सगळ्यात आधी काय करू? साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन खाली जाऊ का?

नका जाऊ. आधी आकडे, मग साबण. लोक मला लिहितात की दोन दिवस गाडीखाली फेस मारत फिरलो आणि काहीच सापडलं नाही, आणि मी विचारतो की पुढचा गेज किती पडला, मागचा किती, तर उत्तर येतं बघितलंच नाही.

चाकांना पुढून मागून ठोकळे लावा, गाडी फुल भरा, इंजिन बंद करा. एका वहीत दर दहा मिनिटांनी दोन्ही काट्यांचे आकडे लिहा, तासभर. मग परत भरा आणि हीच टेस्ट पार्किंग ब्रेकचं बटण आत दाबून करा, म्हणजे ब्रेक सोडलेला (ठोकळे म्हणूनच आधी लावायला सांगितले, आणि जागा सपाटच पाहिजे). तिसऱ्यांदा कोणाला तरी ब्रेक पॅडल दाबून धरायला सांगा. बटण बाहेर, बटण आत, पॅडल दाबलेलं, या तिन्हींत फरक पडला तर लीक कुठल्या शाखेत आहे ते जवळजवळ सांगून टाकतं. अर्थ कसा लावायचा ते पुढच्या प्रश्नात.

५. आकडे लिहिले, पण त्यातून काय समजायचं?

फक्त एकच काटा पडतोय, दुसरा जागेवर: लीक त्या एका टाकीवर किंवा तिच्या पुढच्या लाइनवर आहे. दुसऱ्या बाजूकडे बघूच नका.

दोन्ही पडतात, आणि आधी जो जास्त होता तो खाली येऊन दुसऱ्याला गाठतो, मग दोघं जोडीने उतरतात: दोन्ही टाक्यांकडून हवा घेणारं काहीतरी लीक आहे. बहुतेक वेळा पार्किंग ब्रेकची लाइन, कारण तिच्यासाठी जो दुहेरी चेक व्हॉल्व्ह असतो तो ज्या टाकीत प्रेशर जास्त तिथून हवा घेतो.

पडत पडत साधारण ६५-७० ला येऊन थांबतो: हे सापडलं की मला आनंद होतो. टाकी आणि ब्रेक सोडून बाकीच्या सामानाच्या मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो, प्रेशर ठराविक आकड्याखाली गेलं की तो बंद होतो म्हणजे ब्रेकची हवा वाचते. काटा तिथेच थांबला याचा अर्थ ब्रेक ठीक आहेत, लीक हॉर्न, सीट, पायरी, सस्पेन्शन अशा कुठल्यातरी पलीकडच्या गोष्टीत आहे. थांबण्याचा आकडा गाडीगणिक बदलतो.

दोन्ही काटे रात्रभर हलले नाहीत, पण सकाळी इंजिन चालू केल्यावर काटे वर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो: वेट टँक रिकामी झालीये. तिला बहुतेक गाड्यांत गेजच नसतो, आणि चेक व्हॉल्व्हमुळे ब्रेकच्या दोन्ही टाक्या भरलेल्याच राहतात, म्हणून हा लीक वर्षानुवर्षं लपून राहतो. खात्री करायला सकाळी इंजिन चालू करण्याआधी वेट टँकचा ड्रेन (टाकीच्या तळाचा, पाणी काढायचा व्हॉल्व्ह) उघडा. फुसकन हवा आली नाही तर ड्रायर, गव्हर्नर, वेट टँक आणि त्यांच्यामधल्या पाइपमध्येच शोधायचंय.

बटण आत दाबल्यावरच पडतं किंवा पॅडल दाबल्यावरच पडतं, हे प्रश्न १० मध्ये आहे.

६. गाडीखाली जाताना काय काळजी घ्यायची? हवा भरलेली असते मग गाडी उंचच असते ना?

हा प्रश्न मी मुद्दाम शोधाशोधीच्या आधी ठेवलाय. हवेच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. ज्या हवेचा लीक तुम्ही शोधताय त्याच हवेवर टनावारी वजन टेकलेलं आहे. एखादा बेलो फुटला, फिटिंग निसटलं, हाइट व्हॉल्व्हची (बेलोत हवा भरून-सोडून गाडीची उंची राखणारा व्हॉल्व्ह) दांडी हाताने चुकून खाली ढकलली गेली की गाडी सेकंदात खाली बसते आणि टायर-ॲक्सलच्या वर, चॅसिसखाली माणसाला जागा उरत नाही. लेव्हलिंग जॅकचाही भरवसा नको. गाडीच्या वजनाला साजेसे स्टँड, तेही चॅसिसच्या बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागीच, घट्ट जमिनीवर. जमत नसेल तर खड्डा किंवा रॅम्प असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या.

आणखी दोन गोष्टी. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये, म्हणजे हवेने ब्रेक दाबणाऱ्या चाकाजवळच्या डब्यात (आणि काही गाड्यांत इतर चाकांनाही), प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते (हीच पार्किंग ब्रेक लावते, हवा भरली की मागे हटते), त्या चेंबरचा स्प्रिंगकडचा क्लॅम्प उघडायचा नाही, त्यात माणसं मेली आहेत. आणि कुठलाही जोड खोलण्याआधी त्या शाखेची टाकी पूर्ण रिकामी करा, डोळ्यावर गॉगल घाला.

७. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि बंद केलं की हवा संपते. मग शोधायचं कसं?

बाहेरच्या कॉम्प्रेसरने भरा. बऱ्याच गाड्यांत वेट टँकवर किंवा पुढच्या बाजूला टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, बंद पडलेली गाडी ओढून नेताना बाहेरून हवा देण्यासाठी असतो तोच. नसेल तर एखाद्या प्लगच्या जागी बसवून घेता येतो. कॉम्प्रेसर १२० पीएसआय देणारा हवा, आणि शक्यतो ड्रायरच्या आधी जोडा म्हणजे बाहेरची दमट हवा टाकीत जाणार नाही. आता इंजिन बंद, गाडी भरलेली, तासन्‌तास शांतपणे ऐकत शोधता येतं. शेडमध्ये इंजिन चालू ठेवून धूर खात काम करायचीही गरज नाही.

रात्री सगळं सामसूम झाल्यावर एकदा कान लावून गाडीभोवती फिरा, खरंच सांगतो, अर्धे लीक असेच सापडतात. एक हातभर रबरी नळी कानाशी धरून दुसरं टोक फिटिंगजवळ फिरवलं तरी फुसफुस नेमकी कुठून येतेय ते कळतं.

८. साबणाचं पाणी कसं बनवायचं, कुठलं वापरायचं?

भांडी घासायचा लिक्विड सोप, पाण्यात साधारण दहाला एक, हळूच ढवळा म्हणजे बाटलीतच फेस होणार नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं क्लीनर अजिबात नको, अमोनियाने पितळी फिटिंगला तडे जातात आणि लीक शोधता शोधता नवीन लीक तयार होतो. फवारा मारून लगेच पुढे पळू नका, एकेका जोडाकडे मिनिटभर बघा. मोठा लीक साबण उडवून लावतो आणि बुडबुडा दिसतच नाही, छोटा लीक हळूहळू पांढरा बारीक फेस जमवतो, तो मिनिटाने दिसतो. शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्या.

९. माझ्या गाडीचा एकच कोपरा बसतो. बेलो बदलू का?

लगेच नाही. आधी हे बघा की एकच कोपरा बसतो की एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू. बऱ्याच गाड्यांत तीन हाइट कंट्रोल व्हॉल्व्ह असतात, एका ॲक्सलला एक आणि दुसऱ्याला दोन. ज्या ॲक्सलला एकच व्हॉल्व्ह आहे तिथल्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एका बाजूचा लीक दोन्ही खाली आणतो. दोन व्हॉल्व्हवाल्या ॲक्सलचा एकच कोपरा बसला तर शोध त्या एका कोपऱ्यापुरता उरतो: बेलो, त्याची लाइन, हाइट व्हॉल्व्ह, आणि एअर लेव्हलिंग (उभी गाडी बेलोतल्या हवेने सपाट करायची सोय) असेल तर त्याचे सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह.

बेलोवर साबण मारा, विशेषतः खालच्या पिस्टनवर रबर जिथे घडी घालतं तिथे आणि वरच्या प्लेटच्या कडेला. वरवरच्या बारीक भेगा जुन्या रबरावर असतातच, पण भेगेतून आतले धागे दिसायला लागले किंवा कुठे घासून चपटं झालं असेल तर लीक नसला तरी बदला, आणि त्या ॲक्सलची जोडीच बदला.

हाइट व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून (हवा बाहेर सोडायच्या तोंडातून) हवा सतत जात असेल तर आधी त्याची दांडी बघा. दांडीच्या टोकाचे रबरी जोड जुने झाले की तुटतात, दांडी लोंबते आणि व्हॉल्व्ह बिचारा उगाच हवा सोडत किंवा भरत राहतो. रबर बदललं की काम झालं. दांडी ठीक असून गाडी बरोबर उंचीवर उभी असतानाही एक्झॉस्ट वाहतोय, तर व्हॉल्व्ह आतून गेलाय.

लेव्हलिंगवाल्यांसाठी: एकदा ट्रॅव्हल मोडमध्ये (गाडी चालवतानाच्या सेटिंगवर) रात्रभर ठेवा, एकदा लेव्हल करून. दोन्हीत तोच कोपरा बसला तर बेलो किंवा त्याची लाइन. फक्त एकाच मोडमध्ये बसला तर त्या मोडचे व्हॉल्व्ह.

१०. ब्रेक सोडल्यावर किंवा पॅडल दाबल्यावरच हवा जाते. हे धोक्याचं आहे का?

ब्रेकचा लीक म्हणजे गाडी उभी करायची, सापडून दुरुस्त होईपर्यंत प्रवास नाही. यावर माझं मत बदलणार नाही.

पॅडल दाबल्यावरच पडत असेल तर सर्व्हिस बाजू, म्हणजे पॅडलचा नेहमीचा ब्रेक: चेंबरमधला डायफ्राम (रबरी पडदा), पॅडलखालचा फूट व्हॉल्व्ह, रिले व्हॉल्व्ह (पॅडलच्या इशाऱ्यावर चाकांजवळ हवा सोडणारा), किंवा चाकाकडे जाणारी रबरी नळी, जी चाक वळताना कुठेतरी घासते. चेंबरला खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, पॅडल दाबल्यावर तिथून हवा आली तर डायफ्राम फाटलाय.

पार्किंग ब्रेक सोडल्यावर म्हणजे बटण आत असताना पडत असेल तर स्प्रिंग ब्रेकची बाजू. इथे एक गोष्ट भल्याभल्यांना फसवते: मागच्या रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून हवा येते म्हणून लोक रिले व्हॉल्व्ह बदलतात आणि लीक तसाच राहतो. चेंबरच्या मधलं सील गेलं की स्प्रिंग बाजूची हवा सर्व्हिस बाजूला शिरते आणि उलट वाहत रिलेच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडते. कुठला चेंबर ते कळायला: हवा काढून एकेका चेंबरची सर्व्हिस नळी खोला, परत भरा, बटण आत दाबा, पॅडल सोडलेलं ठेवा, नळी काढलेल्या ज्या चेंबरच्या तोंडातून हवा येते तो चेंबर दोषी. चेंबर बदलताना आधी केजिंग बोल्टने स्प्रिंग अडकवायची असते. हे काम आधी कधी केलं नसेल तर शिकायला ही जागा नाही, ब्रेकच्या माणसाकडे द्या.

११. ड्रायरमधून मधूनमधून फस्स आवाज येतो, तो लीक आहे का?

प्रेशर पूर्ण भरल्यावर एकदा जोरात फस्स आणि मग काही सेकंदात शांत, हे बरोबर आहे, ड्रायर साठलेलं पाणी बाहेर टाकतोय. भरत असतानाच खालून हवा वाहत राहिली तर पाणी बाहेर टाकणारा पर्ज व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, कचरा किंवा थंडीत बर्फ. भरून झाल्यावर फस्स झालं पण बारीक धार थांबतच नाही, तर बहुतेक ड्रायरच्या आउटलेटचा चेक व्हॉल्व्ह टाकीतली हवा मागे सोडतोय.

ड्रायरचं कार्ट्रिज (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डबा) साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावं असं बहुतेक बनवणारे सांगतात आणि मोटरहोमवाले हे सगळ्यात जास्त विसरतात, कारण गाडी कमी चालते. पण कार्ट्रिजमधले दाणे जुने झाले की फुटून पांढरी पूड होते, ती पूड पुढे जाऊन प्रत्येक व्हॉल्व्हच्या सीटवर बसते, आणि मग एकाच वर्षात पाच व्हॉल्व्ह लीक करायला लागतात. ड्रेन उघडल्यावर पांढरी पूड दिसली तर एकेक व्हॉल्व्ह बदलण्याआधी कार्ट्रिज बदला आणि टाक्या साफ करा. तेलकट काळपट पाणी आलं तर कॉम्प्रेसर तेल ढकलतोय, तो वेगळा आजार.

१२. लीक जोडात सापडला. आवळला की झालं ना?

पितळी कॉम्प्रेशन फिटिंग असेल तर पाव फेरा आवळून बघा, जास्त नाही. जोर लावला की आतली रिंग नायलॉनचा पाइप चिरडते. नाही थांबलं तर खोला, पाइपचं टोक अर्धा-एक इंच कापून टाका, नवीन रिंग आणि आतली बारीक नळी टाकून परत बसवा. जुना पाइप जोडाच्या आत चपटा झालेला असतो, तोच परत घातला तर तिथेच परत लीक होणार.

पुश फिटिंग, म्हणजे नुसता पाइप खुपसायचा प्रकार, आवळायला काही नसतंच. पाइप काटकोनात, पाइप कटरने कापा, कात्रीने किंवा पक्कडीने नको, वाकडा कापलेला पाइप रबरी रिंगवर नीट बसत नाही. आत किती जायला पाहिजे तिथे मार्करने खूण करा, खुणेपर्यंत ढकला, मग ओढून बघा. पाइपवर ओरखडा असेल तर तो भाग कापून टाका. आणि पाइप एअर ब्रेकसाठीचाच नायलॉन घ्या, दुकानातला कुठलाही प्लॅस्टिक पाइप नको.

१३. टेफ्लॉन टेप लावू का?

निमुळत्या पाइप थ्रेडवर चालते, तीही पहिला-दुसरा आटा मोकळा ठेवून, म्हणजे टेपचा तुकडा आत जाणार नाही. तुटलेला तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकला की नवीन लीक तयार. म्हणून मी टेपपेक्षा लिक्विड थ्रेड सीलंट वापरतो. कॉम्प्रेशन नटच्या आट्यांवर आणि पुश फिटिंगमध्ये टेप अजिबात नाही, तिथे सील आट्यांनी होतच नाही.

१४. इंची पाइपात मिलिमीटरचं फिटिंग बसतं का? बसल्यासारखं वाटतं.

वाटतं, आणि म्हणूनच धोका आहे. पाइप बाहेरच्या व्यासाने मोजतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९ मिमी, ८ च्या इतका जवळ की फरक हाताला कळत नाही. ३/८ म्हणजे ९.५, त्याला १० चं फिटिंग आज धरेल, उद्या हादऱ्याने निसटेल. कॅलिपरने मोजा, अंदाज नको.

१५. टाकीत टाकायचं लीक बंद करणारं लिक्विड मिळतं का?

टाकीत असं काहीही ओतू नका. टायरमध्ये जे चालतं ते ब्रेक व्हॉल्व्हच्या बारीक वाटांमध्ये जाऊन चिकटतं, आणि चिकटलेला ब्रेक व्हॉल्व्ह लीकपेक्षा कितीतरी वाईट.

१६. रस्त्यात असताना लो एअर बझर वाजला तर?

बझर साधारण ६० पीएसआयच्या आसपास वाजतो. त्या क्षणी गाडी बाजूला घ्यायची, पुढच्या गावापर्यंत जाऊ असा विचार नाही, कारण प्रेशर अजून पडून २० ते ४५ च्या मध्ये कुठेतरी स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जिथे आहे तिथेच अडकते, मग ते वळण असो की पूल. पॅडल पुन्हा पुन्हा दाबू नका, प्रत्येक दाबात हवा जाते. थांबल्यावर हवा सस्पेन्शनच्या किंवा हॉर्न-सीटच्या नायलॉन लाइनमधून जातेय असं दिसलं तर जोडायचं युनियन घालून ती लाइन सांधता येते. दोन-तीन साइझची युनियन, हातभर पाइप आणि कटर गाडीत कायम ठेवा. ब्रेकच्या लाइनवर असला जुगाड करायचा नाही, तिथे मदत बोलवायची.

१७. सगळं तपासलं, साबण मारला, काहीच सापडत नाही, तरी हवा जाते.

टाक्यांचे ड्रेन व्हॉल्व्ह तपासलेत का? दोरी ओढून उघडणारे. ते टाकीच्या अगदी तळाशी असतात, चिखलात माखलेले, कोणी बघत नाही. माझ्या गाडीत मी तीन वीकेंड मागच्या ब्रेकच्या लाइन तपासल्या आणि लीक मागच्या टाकीच्या ड्रेनमध्ये होता, सीटवर गंजाचा एक कण बसला होता. गाडी भरलेली असताना दोरी चार-पाच वेळा झटकन ओढून सोडली तर कधी कधी कण उडून जातो आणि लीक तिथेच थांबतो.

ते नसेल तर डॅशबोर्डच्या आत बघा: गेजच्या मागच्या बारीक नळ्या, पार्किंग ब्रेकच्या बटणाच्या मागचा व्हॉल्व्ह, हॉर्नचा व्हॉल्व्ह, सीटच्या खालची लाइन. इथे साबण मारायचा नाही, वायरिंग आहे, कान आणि नळी वापरा (प्रश्न ७).

आणि तरीही नाही सापडलं तर शाखा तोडून बघा. गाडी रिकामी करून सामानाच्या एकेका लाइनला टाकीशीच प्लग लावा, भरा, रात्रभर ठेवा, आकडे लिहा. हॉर्न बंद केला, फरक नाही. सीट बंद केली, फरक नाही. पायरी बंद केली आणि सकाळी काटा १०५ वर, मग आठवडा लागला तरी चालेल, सापडलं. ब्रेकच्या लाइनला मात्र प्लग लावून गाडी हलवायची नाही, आणि सामानाचे प्लगसुद्धा वहीत लिहून ठेवा, काम झालं की एकेक खोडत काढा.

१८. एक लीक दुरुस्त केला तर दुसरा सुरू झाला. माझ्याच गाडीत असं का?

सुरू नाही झाला, आधीपासून होता. जुन्या गाडीत क्वचितच एक मोठा लीक असतो, बहुतेक वेळा पाच-सहा बारके असतात आणि मोठ्याच्या आवाजात बाकीचे झाकले जातात. शिवाय मोठा बंद झाला की हवा जास्त वेळ जास्त प्रेशरला राहते, मग आजवर न जाणवलेला बारका लीक काट्यावर दिसायला लागतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर प्रश्न ४ मधली टेस्ट परत करा आणि आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. रात्रीत शून्य होणारी गाडी पहिल्या दुरुस्तीनंतर ४० वर आली, तर तुम्हाला वाटेल अजून लीकच आहे, पण वही सांगेल की काम पुढे सरकलंय.